न्हाऊमावशीचे हात

शेवटचं आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं काम म्हणजे दोन गोणपाटांना अस्तर लावणं. दोन कसली, दीडच. शुक्रवारची संध्याकाळ होती, चाळीच्या गॅलरीत अजून ऊन होतं. तिनं आपलं जुनं लुगडं फाडलं होतं. मी गोणपाट ताणून धरलं होतं आणि ती दाभणानं टाके घालत होती. ही गोणपाटं वखारीतल्या तराजूच्या पारड्यांत टाकायची होती. दुसऱ्या दिवशी शनिवार, आणि शनिवारी सकाळी समोरच्या परबांच्या छबीचं वजन करायचं असायचं. पारड्याची फळी खडबडीत. पोरीला कुसळ लागतं म्हणून हा खटाटोप.

"एकाच पारड्यात टाकलंस तर वजन खोटं येईल हां," मी म्हटलं.

"म्हणून तर दोन शिवत्येय. वखारीत जन्म गेला तुमचा, आणि अक्कल मी शिकवू?"

तेवढ्यात छबी आली. साडेतीन वर्षांची पोर, पुढचे वरचे चार दात नाहीत. आली ती सरळ हिच्या मांडीवर चढून बसली. समोरच्या दारात तिची आई शालन उभी होती, बघत होती. मी श्वास धरला. पाच महिने झाले होते, शालननं हिला पोरीला बोट लावू दिलं नव्हतं. आज ती काही बोलली नाही. आत निघून गेली.

हिनं दाभण गोणपाटात खोचून ठेवलं. दोन्ही हात पोरीच्या काखेत घातले, वीतभर वर उचललं, परत ठेवलं. डोळे मिटले.

"अकरा," म्हणाली.

"साडेदहाच्या वर काटा हलायचा नाही."

"लावा पैज. हरेल त्यानं उद्याचा चहा करायचा."

"लावली."

"आजचा मीच टाकते मग. उरलेले टाके चहा पिऊन." छबीला खाली उतरवलं, पदर खोचला आणि आत गेली. स्टोला पंप मारल्याचा आवाज आला. चार-पाच पंप ऐकले. मग थांबले. मला वाटलं, पिन शोधत असेल.

पिन शोधत नव्हती.

लोक मला सांगतात, चांगलं मरण आलं, कुणाचं करून घेतलं नाही. असेल. मला विचाराल तर असं कुणी जातं का? माणूस चहा टाकायला जातो आणि मध्येच जातो, हे मला अजून पटलेलं नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. म्हटलं, अहो, आत्ता पैज लावून गेली ती.

मी तिसरी शिकलेला माणूस. घाटकोपरला वखारीत तीस वर्षं लाकूड आणि कोळसा तोलला. मी वजन ओरडायचो, लिहिणारा दुसरा. त्यामुळे लिहायची सवय नाही. पण तिच्याबद्दल चाळीत आता दोन तऱ्हेनं बोलतात. काही म्हणतात, देवमाणूस होती. काही म्हणतात, आमच्या पोरांचे दात हिनं घालवले. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही अर्धं आहे. मी तोलणारा माणूस, मला अर्धं चालत नाही. म्हणून लिहितो.

तिचं नाव तुळसा. मी कधी नावानं हाक मारली नाही, आणि चाळीत तर ते कुणाला ठाऊकच नव्हतं. तिला सगळे न्हाऊमावशी म्हणायचे, कारण ती बाळंतिणींना तेल लावायची आणि बाळांना न्हाऊ घालायची. टेकडीच्या पायथ्यापासून स्टेशनपर्यंत कुठल्याही घरात बाळ आलं की सहाव्या दिवशी हिचं बोलावणं. पाटावर बसायची, लुगडं गुडघ्यापर्यंत वर, दोन्ही पाय सरळ पुढे, आणि त्या पायांच्या पन्हाळीत बाळ उताणं. उजव्या हातात कधी काचेची बांगडी घातली नाही, बाळाला लागते म्हणून. नखं चाळीच्या दगडी पायरीवर घासून घासून गुळगुळीत केलेली. तेल लावण्याआधी हात शेगडीवर धरायची. शेगडीतला कोळसा माझ्या वखारीतला.

बोलायला फटकळ. बाळ रडायला लागलं आणि आई कासावीस झाली की म्हणायची, "रडतंय ना? मग जिवंत आहे. तू गप बस." एखादीचा नवरा दारात घोटाळायला लागला की, "काय हो, तुम्हालाही घालू का न्हाऊ?" तो पळायचा. स्वतः मशेरी लावायची, काळी भाजलेली तंबाखू, दिवसातून तीनदा. त्यापायी पन्नाशीला तोंडात तीन दात उरले होते. मी म्हणायचो, सोड. ती म्हणायची, तीन तर राहिलेत, त्यांच्यासाठी कशाला सोडू?

तिला एकच गोष्ट कळायची, वजन. बाळ हाताला जड लागलं पाहिजे. आम्हाला एक मूल झालं होतं. अकरा दिवस राहिलं. त्यावर ती जन्मात एकच वाक्य बोलली, "हाताला काही लागलंच नाही ते." पुन्हा मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. पण त्यानंतर जे बाळ तिच्या हातात आलं, ते ती आधी तोलायची आणि मग न्हाऊ घालायची.

वखारीत शेर जाऊन किलो आले होते, त्याला फार वर्षं झाली नव्हती. हिनं मात्र आठ दिवसांत किलो हातात बसवले. घरी येऊन सांगायची, "सावंतांचा चार किलो आणि वर थोडा." मी म्हणायचो, तुझ्या हाताला काय काटा आहे? तर एके दिवशी ती सावंतांच्या सुनेला आणि बाळाला घेऊन वखारीतच आली. मी बाळ पारड्यात ठेवलं. चार किलो शंभर. माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार, कारण ती रस्ताभर हसत गेली.

आता बाळ तोलायचं म्हणजे आयांना भीती. तोललेल्या पोराला दृष्ट लागते, असं सगळ्याच म्हणायच्या. कितीही शिकलेलं घर असो, वजन म्हटलं की बाळाला पदराखाली घ्यायच्या. त्यावर हिनं उत्तर काढलं होतं. "कोळशाच्या पारड्यात कधी दृष्ट लागते होय गो? बघ, बूड काळं झालं. एवढी मोठी तीट कुणाच्या पोराला लावली होती आजवर?" आया हसायच्या आणि पोर पारड्यात ठेवायच्या. मग महिन्याच्या महिन्याला रांगच लागायला लागली. सकाळी सातला, वखार उघडायच्या आधी. शेठ भला होता, किल्ली माझ्याकडे असायची. काळ्या बुडाची पोरं काखेला मारून बाया हसत घरी जायच्या. वाण्याच्या दुकानात एकमेकींना विचारायच्या, तुझा किती, माझा किती. ज्याचं वजन जास्त त्याची आई मान वर करून चालायची. माणसाच्या बाळाची गोष्ट आहे की भोपळ्याची, असं मला वाटायचं. पण बोललो नाही, कारण तराजू माझाच होता.

परबांची छबी जन्मली ती याच भरात. परब फोर्टात कारकून, बायको शालन, पहिलं मूल. छबी तर हिच्या हातातलं लोणी होती. मनगटाला वळी, मांड्यांना वळी. वर्षाची झाली त्या गणपतीत आमच्या मंडळानं गुटगुटीत बाळाचं बक्षीस ठेवलं. तराजू वखारीतून मांडवात आणला, मी स्वतः हातगाडीवर घालून आणला. छबी अकरा किलो भरली. पहिला नंबर. बक्षीस म्हणून बिस्किटांचा डबा. परबांनी पोरीला खांद्यावर घेऊन मांडवाला फेरी मारली. हिला तर कुणीतरी पानसुपारी दिली, तर म्हणते कशी, "मला नको, दात कुठायत? माझं बक्षीस ते बघा, खांद्यावर बसलंय."

आता मुद्द्याचं सांगतो. न्हाऊ घातल्यावर, धुरी दिल्यावर, बाळाला झोपवताना ही त्याच्या तोंडात पुरचुंडी द्यायची. पातळ मलमलीचा तुकडा, आत गुळाचा खडा, वर दोऱ्याची गाठ. पाण्यात बुडवून बाळाच्या ओठाला लावली की बाळ चोखत चोखत दोन-तीन तास झोपायचं. आईला काम उरकता यायचं. तिला तिच्या आईनं शिकवलं होतं, तिनं सगळ्या घाटकोपराला शिकवलं. गुळानं अंगाला ताकद येते, बाळ भरतं, असं ती मानायची आणि मीही मानायचो. न्हाऊ बंद झालं तरी पुरचुंडी बंद व्हायची नाही. दोन-दोन, तीन-तीन वर्षांची पोरं तोंडात पुरचुंडी घेऊन झोपायची. छबीच्या उशाला तर मलमलीच्या तुकड्यांची चवडच असायची.

दोन वर्षांची झाली तेव्हा छबीचे पुढचे दात हिरडीजवळ तपकिरी दिसायला लागले. अडीचला काळे. शालननं हिला विचारलं. ही म्हणाली, "दुधाचेच आहेत गो बाय, पडायचेच." परबांनीही मला जिन्यात तेच सांगितलं. "काका, जे पडणारच आहे त्याची कसली दवा करायची? खरे दात येतील तेव्हा बघू." मला पटलं. कुणाला पटणार नाही?

मग पोर खाईना. भाकरी दिली की गालात धरून बसायची आणि थुंकायची. शालन चहात बुडवलेलं बिस्कीट द्यायची, ते तेवढं गिळायची. रात्री रडायची, म्हणून पुरचुंडी. पोट बिघडायचं, ताप यायचा, जायचा. गाल बसले. परबांच्या घरात मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, मिरच्या जाळल्या, सगळ्या चाळीला ठसका लागला. शालन म्हणाली, त्या बक्षिसानंच दृष्ट लागली माझ्या पोरीला, मांडवात तोललं तिथंच. मला ते लागलं. म्हटलं, "मग आण तिला परत. बघू तरी किती आहे."

आणली. मी पारड्यात ठेवली. दहाचं माप टाकलं तर पारडं खाडकन वर. मी दहाचं काढलं, पाचाचं टाकलं, दोनाची दोन टाकली, पाव किलो टाकला. तेव्हा दांडी सरळ झाली.

सव्वानऊ.

मी दांडी बघितली, साखळ्या बघितल्या. पारडं रिकामं करून परत बघितलं. वखारवाल्याच्या डोक्यात वजन राहतं. वर्षाची असताना ही पोर अकरा होती. आता तीन वर्षांची, उंचीनं माझ्या मांडीला लागते आणि सव्वानऊ? तीस वर्षांत मला माझ्याच तराजूची अशी भीती कधी वाटली नव्हती.

"काटा बिघडलाय तुमचा," ही म्हणाली. पुढे आली, पोरीला उचललं. तिचा चेहरा मी बघत होतो. खाली ठेवलं आणि हळूच म्हणाली, "नाही. सव्वानऊच."

त्याच आठवड्यात छबीचा गाल सुजला. सकाळी लिंबाएवढा, दुपारी डोळा मिटला. तापानं पोर फणफणली. शालन लेप लावून बसली होती. परब ऑफिसात. हिनं लेप पुसून टाकला, पोरीला उचललं आणि मला म्हणाली, "बस बघा." आम्ही तिघं पोरीला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेलो. दातांची डॉक्टरीण होती, तरुण पोरगी, वेणी घातलेली. छबीचं तोंड उघडलं, बारक्या आरशानं बघितलं. ओरडली नाही. तेच जास्त लागलं.

"झोपताना हिच्या तोंडात काय असतं?" तिनं विचारलं.

"पुरचुंडी," शालन म्हणाली.

"कसली?"

"गुळाची."

"कधीपासून?"

"जन्मल्यापासून. अजून देते."

डॉक्टरणीनं मान हलवली. म्हणाली, गूळ रात्रभर दातांवर बसून राहतो. दात कुजतो, मुळाशी पू होतो. पोर चावणार कशानं? चावत नाही म्हणून खात नाही, खात नाही म्हणून वाळते, आणि तुम्ही वर गोडच देता. दुधाचे असले तरी दात आहेत ते. पू असाच चढला असता तर जिवावर बेतलं असतं.

मग म्हणाली, "ही पुरचुंडी कुणी शिकवली?"

शालन हिच्याकडे बघायला लागली. मी भिंतीकडे.

"मी," ही म्हणाली.

"आणखी किती मुलांना दिलीत?"

"कुणाला नाही दिली ते विचारा."

पुढचे वरचे चार दात आणि एक दाढ काढली. पोरीचं ओरडणं बाहेर बाकड्यावर ऐकू येत होतं. ही माझ्या शेजारी बसली होती. हात पदराखाली लपवले होते तिनं, जसे कुणी चोरीचा माल लपवतं तसे. घरी आल्यावर मोरीत गेली आणि हात धुवायला लागली. धुतच होती. मी म्हटलं, पुरे. तर म्हणाली, "माझ्या हातांनी जड केली म्हणून मिरवत होते. ह्याच हातांनी हलकी केली."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीच्या नळावर जाऊन उभी राहिली. जे पोर तोंड धुवायला येईल त्याचा ओठ अंगठ्यानं वर करून बघायची. तळमजला झाला, पहिला मजला झाला, मग बाजूची चाळ. काळे, तपकिरी, अर्धे झिजलेले, कुणाचे नुसते खुंट. रोज बघत होतो आम्ही ही पोरं, रोज हसायची आमच्याकडे बघून. आणि आम्ही कुणी बघितलंच नव्हतं. गाल बघायचो. प्रत्येक दारात उभी राहून ती तेच सांगायची, "पुरचुंडी फेकून द्या. मी दिली, माझं चुकलं. दात किडलेत, दवाखान्यात दाखवा."

बाया चक्रावल्या. सावंतांची सून म्हणाली, "मावशी, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? तुम्हीच म्हणालात, गुळानं पोर भरतं."

"म्हणाले होते."

"आणि आता?"

"आता नाही म्हणत्येय."

वरच्या मजल्यावरचा एकजण दाढी करता करता हसला. "मावशी, आमच्या बंड्याला पोलिसात घालायचाय. तिथं छाती मोजतात, दात नाही."

"छाती भरायला खावं लागतं मेल्या, चावून!" ही ओरडली. पण त्या ओरडण्यात आधीचा जोर नव्हता.

काहींनी ऐकलं. बऱ्याच जणी चिडल्या. पोराचे दात वाईट म्हणजे आईनं लक्ष दिलं नाही असा अर्थ होतो, आणि ते कुणाला ऐकायचं असतं? शेवटी ती परबांच्या दारात गेली. शालननं दार अर्धंच उघडलं.

"पुन्हा माझ्या मुलीला हात लावू नका," म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

न्हाऊची बोलावणी बंद झाली. स्टेशनकडची एक बाई यायला लागली. तीही पुरचुंडी द्यायचीच. हिनं घरातला गूळ बंद केला, साखर बंद केली, चहा कडू प्यायला लागली. मलाही तोच. मशेरीचा डबा एके दिवशी गटारात ओतला. तीन दातांसाठी. अंदाज सांगायचं तर बंदच झालं. रस्त्यात बाळ दिसलं की मी मुद्दाम म्हणायचो, सांग बघू किती असेल? ती म्हणायची, "मला नाही कळत आता. हात खोटे आहेत माझे." आपल्या बायकोच्या तोंडून असलं ऐकून मी हबकलो. तिला सगळं काही म्हणता येईल, पण हात खोटे कुणी म्हणू शकत नव्हतं. तिनंच म्हटलं.

इकडे छबीचा ताप गेला, सूज गेली, पण पोर तोंडच उघडेना. चिमट्याची भीती बसली होती. वाटी जवळ आली की ओठ घट्ट. शालन रडायची, परब ओरडायचे, पोर आणखी मिटायची. सव्वानऊचे नऊ झाले असणार. तोलायला कुणी आणत नव्हतं, पण दिसत होतं.

एके दुपारी हिनं तांदळाची पेज केली, वर मीठ आणि तूप. दोन वाट्या भरल्या. एक परबांच्या उंबऱ्यावर ठेवली आणि दुसरी घेऊन आपल्या दारात बसली, मध्ये गॅलरी. छबी उंबऱ्यात बसून बघत होती. हिनं तोंड मोठं उघडून दाखवलं.

"बघ. माझे पण नाहीत. कुणी काढले माहित्येय? उंदरानं."

छबीनं ओठ आणखी घट्ट मिटले.

"तरी जेवते की नाही मी? बघ हां." आणि हिरड्यांनी पेज खाल्ली, मचमच आवाज करत, गाल फुगवत, हनुवटी नाकाला लावत. वेडंवाकडं तोंड केलं. छबी हसली. हसली म्हणजे तोंड उघडलं. उघडलं ते बघून शालननं आतून येऊन चमचा घातला. छबीनं गिळला. शालन हिच्याशी बोलली नाही, पण वाटीही परत पाठवली नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. रोज दुपारी दोघी बोळक्या समोरासमोर बसून जेवायच्या, मध्ये गॅलरी. पेजेचा मऊ भात झाला, मग डाळ, मग कुस्करलेला मासा. महिन्यानं शालन पोरीला घेऊन शनिवारी वखारीत आली. स्वतःच्या हातानं पारड्यात बसवली. ही चार हात लांब उभी, हात पाठीमागे बांधून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखी. मी वजन ओरडलो, साडेनऊ. शालन म्हणाली, "येते काका." पुढच्या शनिवारी पुन्हा आली. मग दर शनिवारी यायला लागली. पाव किलो चढायचा, शंभर उतरायचे, आणि ही पाठीमागे हात बांधून. घरी येऊन मला विचारायची, "खरंच तेवढं भरलं? अंगठा नाही ना ठेवलात?" मी तीस वर्षांत पारड्यावर अंगठा ठेवला नाही. तिला ठाऊक होतं, तरी विचारायची.

तर हे असं होतं. म्हणून त्या शुक्रवारी छबी मांडीवर चढली आणि शालन काही न बोलता आत गेली, तेव्हा मी श्वास धरला होता. म्हणून ती "अकरा" म्हणाली तेव्हा मी मुद्दाम साडेदहा म्हटलं. पाच महिन्यांनी तिनं अंदाज सांगितला होता. मला पैज हवी होती.

त्याच रात्री नेली तिला. पुतण्या आला होता परळहून, त्यानं सगळं केलं. मी बसून होतो.

सकाळी उठलो तर शनिवार होता. मी वखारीची किल्ली घेतली, दोन्ही गोणपाटं घेतली. एक पुरं झालेलं, एक अर्धं, त्यात दाभण तसंच खोचलेलं. पुतण्या आडवा आला. "काका, सुतक आहे. कुठे निघालात?"

"वजन करायला."

"कसलं वजन? लोक काय म्हणतील?"

"सर बाजूला."

मला वाटलं नव्हतं कुणी येईल. मेल्या घरच्या माणसासमोर लेकरू कोण आणतं? मी नुसता वखार उघडून बसणार होतो. पण फाटकाशी शालन उभी होती, छबीचा हात धरून. डोळे सुजलेले.

मी म्हटलं, "पोरी, मला सुतक आहे. आज नको."

ती म्हणाली, "काल मावशीनं मांडीवर घेतलं होतं हिला. मग आम्हालाही आहेच की सुतक."

एका पारड्यात शिवलेलं गोणपाट घातलं, दुसऱ्यात अर्धं, दाभणासकट. दांडी सरळ झाली. छबी आपण होऊन चढून बसली. फळीला बोट पुसलं आणि गालाला काळं लावून घेतलं. "मावशी कुठाय?" म्हणाली. शालन दुसरीकडे बघायला लागली. मी म्हटलं, "गेली. हलू नको."

दहाचं माप टाकलं. छबीचं पारडं खालीच राहिलं. मग किलोचं टाकलं. दांडी डुगडुगली, थांबली.

मी ओरडलो नाही. नुसतं म्हटलं, "अकरा."

शालन म्हणाली, "काल मावशी किती म्हणाल्या होत्या?"

"अकराच."

छबीला उतरवलं, वखार बंद केली, घरी आलो. मागोमाग त्या दोघी. घरात बाया बसल्या होत्या. मी स्टोशी गेलो. तो तसाच होता, पिन शेजारी. पंप मारायला लागलो तर सावंतांची सून ओरडली, "काका, काय करताय? आज घरात काही पेटवत नाहीत!"

"हरलोय मी," म्हटलं. चहा केला. बिनसाखरेचा. सुतकाच्या घरचा, कुणी हात लावला नाही. शालननं कपातला बशीत ओतला, फुंकर मारली आणि दारात बसून प्यायली. साखर मागितली नाही.